बांगडीवाल्या चाचांनी दुर्बिणीत पाहिलं

“हात ढिला सोडा, बाई. भांडन बांगडीशी हाय का माज्याशी?” असं म्हणत ते आमचा पंजा हलकेच दाबायचे, आणि काचेची बांगडी मनगटात कधी उतरली ते कळायचंही नाही. धाराशिवच्या आमच्या गल्लीत सगळ्या बायका त्यांना चाचा म्हणत. सातव्या महिन्याचा हिरवा चुडा भरायचा तो त्यांच्याच हातून.

पोरांनो, तुमच्यापैकी एकीनं परवा फोनवर दबक्या आवाजात ‘आययूआय’ म्हटलं आणि मला चाचा आठवले. क्रमानं सांगते.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. गावात मद्रासकडच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना मराठी येत नसे, म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्या दवाखान्यात दुभाष्याचं काम करी. तिथं एकदा चाचा बायकोला घेऊन आले. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेली, मूल नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीनं तर दुसरी मुलगीही बघून ठेवली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी नवऱ्याची तपासणी. हे मराठीत सांगताना माझेच कान तापले. असं ऐकून उठून जाणारे पुरुष मी पाहिले होते. चाचा म्हणाले, “करा की. दुकान दोघांचं, मग झडती एकाचीच का?”

वीर्यात जिवंत बीजं फार थोडी निघाली. डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला, तुमचं आययूआय ते हेच: नवऱ्याचंच वीर्य योग्य दिवशी बारीक नळीनं गर्भाशयात सोडायचं. चाचा म्हणाले, “मला बघू द्या.”

टोपी काढून ते सूक्ष्मदर्शकावर, त्यांच्या भाषेत दुर्बिणीवर, वाकले.

“बाई, हे तर हालतायत!” मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. “थोडे हायत, पन हालतायत. ये, तू बी बघ.”

बायकोनं बुरखा वर केला, पाहिलं, आणि म्हणाली, “इतकुसे? आनि ह्यातनं मानूस व्हतं?” डॉक्टरीणबाईंना हे मी इंग्रजीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भर गल्लीत बहिणीनं पुन्हा दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. चाचांनी बांगड्यांची टोपली खाली ठेवली. “कमी माज्यात हाय, आपा. ह्या डोळ्यांनी बघितलं. दुसरी आनली तरी नवरा मीच राहनार न्हवं?” त्यानंतर त्यांच्या बायकोला कुणी वांझ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

ठरलेल्या दिवशी वीर्याची बाटली घरून अंगाच्या उबेत आणायची होती. एरवी गिऱ्हाइकाची हाक न चुकवणारे चाचा त्या दिवशी काखेत बाटली दाबून, हात बरगडीला चिकटवून झपाझप निघाले. “अहो चाचा, हिरव्या हायत का?” असं ओट्यावरून कुणी विचारलं. “आज हात रिकामा न्हाय, बाई!” हसावं की हात जोडावेत, मला कळेना.

पहिले काही महिने काहीच झालं नाही. दर वेळी चाचा विचारत, “हालत होते न्हवं?” मी हो म्हणे. ते मान हलवून बायकोला म्हणत, “मग पुन्हा येऊ.”

अखेर त्यांच्याच घरी सतवासा आला. म्हणजे आपलं डोहाळजेवणच. चाचा चुडा भरायला बसले आणि पहिलीच बांगडी त्यांच्या हातात कडकन फुटली. दुसरीही फुटली. बायकोनं हात तसाच पुढं धरला आणि हळूच म्हणाली, “हात ढिला सोडा, मियाँ.” बहिणीसकट सगळ्या बायका हसल्या. चाचा हसले नाहीत. दवाखान्यात काचेवर वाकले होते तसे त्या मनगटावर वाकले आणि तिसरी बांगडी अलगद उतरवली.

मुलगी झाली. चाचा जाऊनही आता खूप वर्षं झाली. तुमच्याकडच्या दवाखान्यात असं दुर्बिणीत बघू देतात की नाही, ठाऊक नाही. विचारून तर बघा. दोघांनी मिळून विचारा.