आईच्या उखाण्यानंतर

मी इथे इंग्लंडमध्ये कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते, म्हणून मराठी मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी माझं भाषण ठेवलं. तिळगुळाच्या आधी व्हिक्टोरियन नीतिमत्ता! ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

ईलिंगच्या चर्च हॉलमध्ये गार पडलेल्या रेडिएटरशेजारी उभी राहून मी सांगितलं की, रोमँटिक कवींनी मनात खरोखर उमटलेल्या भावनेला पवित्र मानलं. पुढच्या व्हिक्टोरियन पिढीने ती भावना टाकून दिली नाही. तिला घरात आणून कामाला लावलं. प्रेम खरं असेल तर ते कर्तव्यात दिसलंच पाहिजे, असं ठरवून टाकलं. पहिल्या रांगेत बाबा मान डोलावत होते. पुण्याहून इथे येऊन त्यांचं आयुष्य गेलं, पण असा पक्का व्हिक्टोरियन माणूस मी इंग्रजांतही पाहिलेला नाही. शेजारी आई होती. तिची स्मृती जात चालली आहे. केअर होमचा विषय काढला की बाबा म्हणतात, "ती माझी ड्यूटी आहे. तू मध्ये पडू नकोस."

मग हळदीकुंकू सुरू झालं. इथेच जन्मलेली एक मुलगी आईच्या मागे लागली, "आजी, तुम्ही पण एक घ्या ना, प्लीज! मला उखाणा खूप आवडते." मी नको म्हणेपर्यंत आई उठून उभी राहिली. कित्येक महिन्यांत सलग एक वाक्य न बोललेल्या माझ्या आईने लाजत, यमक जुळवत, खणखणीत आवाजात उखाणा घेतला. त्यातलं नाव बाबांचं नव्हतं. ते मी कधी ऐकलेलंही नव्हतं.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाबांना ओळखणाऱ्या बायका हातातल्या वाणाकडे बघत राहिल्या. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा म्हणाले, "छान घेतलंस," आणि तिळगूळ बारीक करून तिला भरवू लागले. तिने तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून ती त्यांच्या हातचं खाईना. माझ्याही नाही. सारखी दाराकडे बघून त्याच नावाने हाक मारायची. आमची जीपी डॉक्टर म्हणाली, वजन आणखी उतरलं तर आईला घरी ठेवता येणार नाही. तो माणूस शोधावा की बाबांना धीर द्यावा, मला काही सुचत नव्हतं. नुसता राग येत होता, आणि तो काढायचा तरी कोणावर?

रविवारी त्यांच्याकडे गेले, तर बाबा वरणभाताची ताटली घेऊन तिच्यासमोर बसले होते. तिने हाक मारली. तेच नाव.

"ओ, आलो," बाबा म्हणाले.

तिने तोंड उघडलं. घास घेताना ती त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने त्यांच्याकडे बघताना मी तिला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. हे कर्तव्य की प्रेम, मला विचारू नका. मी फक्त शिकवते.

ताटली रिकामी झाल्यावर बाबांनी तिचं तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवली बघ सगळं. तू तेवढं मला बाबा म्हणत जा."