दोन बोल्टच्या जागी तार

वार्षिक तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती. आमच्या एमटी लाइनमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, चौदा गाड्यांच्या नंबर प्लेट काढून, रंगवून दोरीवर टांगल्या होत्या, कपडे वाळत घालावेत तशा. काळा रंग, त्यावर पांढरे आकडे. फौजेत तपासणी म्हटली की आधी रंगाचा डबा उघडतो. तपासणारे साहेब दहा पावलांवरून गाडी बघतात. वाकून नट फिरवून पाहणारा साहेब मला एकवीस वर्षांत भेटला नाही.

मी तेव्हा नायक होतो, व्हेईकल मेकॅनिक. गाव खालापूर तालुक्यातलं. पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, साडेदहा हजार फुटांवर. लान्स नायक काळूराम आगिवले कर्जतकडचा, कोंडाण्याच्या वरच्या ठाकूरवाडीतला. तो जिप्सी चालवायचा. त्याला एक खोड होती. गाडी सुरू करण्याआधी आरसा, जेरीकॅन, स्टेपनी, प्लेट, सगळं दोन्ही हातांनी ओढून बघायचा आणि स्वतःलाच विचारायचा, "हालतंय का?" सगळे त्याची चेष्टा करायचे. मीही करायचो.

संध्याकाळी प्लेट परत लावताना नायलॉक नट कमी पडले. हा नट आतून प्लास्टिकची कडी असलेला असतो, कितीही हादरे बसले तरी सैल होत नाही. जुन्या नटांचे आटे गेले होते. स्टोअरमध्ये मागणी टाकलेली होती, माल आला नव्हता. जिप्सीची मागची प्लेट मी दोन बोल्टऐवजी बाइंडिंग वायरने बांधली आणि तारेची टोकं आत दुमडली. बाहेरून काही दिसत नव्हतं. तपासणी झाली. 'व्हेरी गुड' मिळालं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कॉन्व्हॉय, गाड्यांचा ताफा, निघायचा होता. काळूरामने मागची प्लेट ओढली.

"दादा, हे हालतंय रं."

"तार आहे. जाऊन ये, आल्यावर नट टाकतो."

"तार? ती कुंपणाला बरी. गाडीला नाय."

"अरे जा. नंबर पडल्याने गाडी थांबते का?"

तो हसला आणि बसला. त्याच्या सहचालकाला ताप होता, त्यामुळे जिप्सीत तो एकटाच. कॉन्व्हॉयमध्ये सहा गाड्या. जिप्सी पुढे, बाकीच्या गाड्या अर्धा किलोमीटर मागे. मी शेवटच्या रिकव्हरी व्हेईकलमध्ये, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या गाडीत.

दहा पंचावन्नला वळण नंबर नऊवर दरड आली. आवाज संपल्यावर रस्ता दिसेना, फक्त चिखल आणि धोंडे. रेडिओवर कॉन्व्हॉय कमांडर मेजर साहेबांचा आवाज सुरू होता.

"आल्फा वन, आल्फा वन, रिपोर्ट युवर पोझिशन. ओव्हर."

आल्फा वन म्हणजे काळूरामची जिप्सी. उत्तर आलं नाही. साहेबांनी चार वेळा विचारलं.

आम्ही सगळे फावडी घेऊन पुढे धावलो. अकरा वाजून दहा मिनिटांनी एका जवानाला ढिगाऱ्याच्या कडेला नंबर प्लेट सापडली. जिप्सीची. साहेबांनी ती हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"ये प्लेट अपने-आप गिर सकती है क्या?"

"नहीं साहब. दो बोल्ट होते हैं."

हे उत्तर नियमाचं होतं. प्रत्येक गाडीला दोन बोल्ट असतात, हे खरं आहे. त्या गाडीला नव्हते, हे मला माहीत होतं. साहेबांनी प्लेट माझ्या हातात दिली आणि हुकूम सोडला, "गाड़ी यहीं है. खोदो."

प्लेटच्या भोकात तारेचा तुकडा अडकला होता. मी तो काढला आणि खिशात घातला. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात हलकट काम ते. मग मीही फावडं घेतलं आणि इतरांपेक्षा जोरात खणू लागलो.

खणता खणता मला सगळं कळत होतं. खड्ड्यांनी तार तुटली असणार, प्लेट वळणाआधीच पडली असणार, आणि काळूराम पुढे गेला असणार. पुढे गेला असेल तर रेडिओवर बोलत का नाही? या प्रश्नाचं एकच उत्तर होतं. वळण नऊवरून पुढचं, दरडींसाठी बदनाम असलेलं वळण अकरा दिसत नाही. तिथेही दरड आली असेल, हे तिथे उभ्या असलेल्या माणसांपैकी फक्त मी ओळखू शकत होतो, कारण तार फक्त मला माहीत होती.

अकरा पस्तीसला मी फावडं टाकलं.

"साहब, प्लेट तार से बँधी थी. मैंने बाँधी थी. गाड़ी आगे होगी."

साहेबांनी मला शिवी दिली नाही. दहा जवानांना ढिगाऱ्यावरून पलीकडे पाठवलं. मीही गेलो. वळण अकरावर दुसरी दरड होती आणि तिच्यातून जिप्सीच्या टपाचा कोपरा दिसत होता. बारा वीसला आम्ही काळूरामला बाहेर काढलं. अंग अजून गरम होतं. मेडिकल ऑफिसरना विचारलं, केव्हा गेला? ते म्हणाले, दरड आल्या आल्या गेला असेल किंवा थोड्या वेळापूर्वी, सांगता येत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी तार कबूल केली. माझी बढती थांबली, ते योग्यच झालं. त्या पंचवीस मिनिटांबद्दल मला कोणी विचारलं नाही. मेजर साहेबांनी ती कागदावर घेतली नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

शेजारच्या तालुक्यातला म्हणून त्याच्या पार्थिवासोबत मला पाठवलं. वाडीवर त्याची बायको सुमन पुढे आली. तिने एवढंच विचारलं, "लगेच गेले का वो?"

मी म्हणालो, "हो वहिनी. लगेच."

निवृत्तीनंतर मी शिळफाट्याला नंबर प्लेट बसवण्याच्या सेंटरवर काम धरलं. आता नव्या हाय सिक्युरिटी प्लेट आल्या आहेत. त्यांना स्नॅप लॉक असतो. एकदा ठोकला की निघत नाही, तोडावाच लागतो. गाडीची भोकं जुळली नाहीत तर लोक म्हणतात, एका बाजूने ठोका, चालतंय. मी ड्रिल घेऊन नवं भोक पाडतो, मागे रबर वॉशर टाकतो, दोन्ही लॉक ठोकतो आणि दोन्ही हातांनी ओढून बघतो. रांगेतले लोक वैतागतात. वैतागू देत.

या उन्हाळ्यात एका दुपारी जुनी व्हॅन आली. चालवणारी बाई उतरली. मी कागदावरचं नाव वाचलं आणि हातातलं ड्रिल खाली ठेवलं.

"भाऊ, तुमी हितं?" सुमनवहिनींनी मला लगेच ओळखलं. आता त्या भिवपुरीकडच्या शाळेच्या मुलांची ने-आण करतात.

मी दोन्ही प्लेट बसवल्या. मग स्टूल दिलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तार, खिशात घातलेला तुकडा, पंचवीस मिनिटं. माझा आवाज रिपोर्ट देताना असतो तसाच होता.

"आधी बोलला असतात तर वाचले असते?"

"माहीत नाही, वहिनी. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

"मग तवा 'लगेच' का बोललात?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, असं मी मला सांगत आलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो."



"सासू त्या एका शब्दावर जगली. माज्या पोराला तरास झाला नाय, बोलायची. मरताना बी त्येच बोलली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तिच्यासाठी बरं झालं. मला मातर खरं सांगाया पायजे होतं. पंचवीस मिन्टं गप बसलात, त्ये भ्यालात म्हणून. ही येवढी वर्सं कशाला वो?"



त्या उठल्या. व्हॅनच्या मागे गेल्या, दोन्ही हातांनी प्लेट धरली आणि सगळा जोर लावून ओढली. अख्खी व्हॅन हलली. काळूराम घरी भांड्यांची मांडणीसुद्धा अशीच ओढून बघायचा, हे मला त्यानेच पूर्वी सांगितलं होतं.

"हालत नाय," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसल्या.

लान्स नायक काळूराम आगिवले, ड्रायव्हर, ठाकूरवाडी, कोंडाणे. त्याने गाडी सुरू करण्याआधी दोष सांगितला होता. मी अकरा पस्तीसला बोललो. अकरा दहाला बोलायला हवं होतं.