पटसंख्या एक

घरात शिकवणी घेणारी माणसं गल्लीला एक सापडतात. शाळेतच बिऱ्हाड थाटलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो निघाला माझा सख्खा मामा. सोलापुरात गिरणीच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढची खोली म्हणजे वर्ग, मागची म्हणजे प्रयोगशाळा, आणि या दोहोंच्या फटीत जी काही जागा उरेल तिच्यात मामा, मामी आणि संसार. शाळेची पटसंख्या एक. ती एक म्हणजे त्यांची मुलगी शकू, माझ्याच वयाची. तान्हेपणीच पोलिओने तिचा डावा पाय वाळला होता. सातवीपर्यंत ती जवळच्या शाळेत कुबडी टेकत गेली. पुढे मी ज्या हायस्कुलात गेले तिथले वर्ग सगळे माडीवर. तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी मोठ्या मनाने तोड काढली, की रोज शिपाई तिला उचलून वर नेऊन ठेवील. मामा तिथल्या तिथे उठले. "माझी पोरगी पोतं नाही," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या सोमवारपासून घराची शाळा झाली.

मामा गिरणीत टाइमकीपर होते. दोन हजार माणसांची हजेरी त्यांच्या हाताखालून जायची, त्यामुळे एका पोरीची हजेरी त्यांनी किती कसून घेतली असेल याची कल्पना करा. गिरणीतल्या रद्द झालेल्या मस्टरच्या पाठकोऱ्या कागदांवर त्यांनी वेळापत्रक आखलं होतं, तेही पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने. शाळा भरायची ती गिरणीच्या भोंग्यावर. मामा कामावर असताना शकूने स्वाध्याय करायचा आणि मामीने पर्यवेक्षक व्हायचं. मामी अक्कलकोटकडची, शिक्षण कानडी तिसरी. ती दर तासाला रजिस्टरात कानडीतून सही ठोकायची आणि पुन्हा चुलीकडे वळायची. पाढे सकाळी भाकरीच्या वेळी, थापण्याच्या तालावर. बाराचा, तेराचा सुरळीत जायचा. एकोणतीसचा आला की शकू अडखळायची, मामीचा हात अडखळायचा आणि भाकरी मोडायची. "ह्यांच्या शाळेपायी माझ्या भाकरीला चीर पडलालीय, साकू झालं आता," असं मामी दर आठवड्याला म्हणायची, आणि कानडी न येणाऱ्यालाही 'साकू' म्हणजे 'पुरे' हे तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. एकदा गिरणीत संप झाला. भोंगा बंद, म्हणून शाळाही बंद. घरात घड्याळ होतं की, पण मामांचं म्हणणं, भोंग्याशिवाय धरलेली हजेरी कायद्याला धरून नाही. संप मिटला तेव्हा अख्ख्या चाळीत एकटी शकू हिरमुसली.

आणि त्या सामानाची व्यवस्था! दहा बाय दहाच्या खोलीत पुस्तकांना कपाट कुठून आणणार? मग मामांनी स्वयंपाकघरातली फळी विषयवार वाटून टाकली आणि डाळ-तांदळालाही त्या त्या विषयात नेमणूक दिली. मीठ आणि खायचा सोडा शास्त्रात. हळद आरोग्यशास्त्रात. ज्वारी गणितात, कारण शकू वजन-मापं तिच्यावर शिकली. माझी आई एकदा चहा करायला उठली आणि साखर कुठेय म्हणून तिने विचारलं, तर मामा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "भूगोलात बघ की, खालच्या कप्प्यात. पश्चिम महाराष्ट्राचं पीक आहे ते." खडूचे तुकडे गिरणीतल्या रिकाम्या बॉबिनीत खोचलेले, म्हणजे बोटभर तुकडाही शेवटपर्यंत पुरायचा. महाराष्ट्राचा नकाशा रंगवला होता दाराच्या आतल्या बाजूला. भूगोलाच्या तासाला दार लावावंच लागायचं, आणि तेवढ्यात कोणी पाहुणा आला तर त्याने सातारा-सांगली आटपेपर्यंत बाहेर ओट्यावर बसायचं. दार उघडलं की कोकण भिंतीआड जायचं.

घरातून कुठलीही वस्तू बाहेर जायची तर जावक रजिस्टरात सही लागायची. परतीचं वाण न्यायला आलेल्या शेजारणीनेही तिथे अंगठा उठवलेला मी पाहिलाय. उशीर झाला की शेरा. मामा स्वतः एकदा शिकवायला चार मिनिटं उशिरा बसले, तेव्हा त्यांनी लाल शाईने स्वतःच्या नावापुढे 'उशिरा' लिहिलं, आणि शकूला म्हणाले, "सही कर, तू साक्षीदार." शकू हसून हसून लवंडली. मी तेव्हा रोज संध्याकाळी तिथे असायची. शकूला मैत्रीण अशी मीच. आम्ही दोघी ओट्यावर बसून माझ्या शाळेतल्या बाईंच्या नकला करायचो आणि मामा आतून म्हणायचे, करमणुकीचा तास संपायला सहा मिनिटं.

हे सगळं मला फार आवडायचं हो. आता कोणाला सांगितलं तर माझंच कौतुक होतं, काय छान मामा होते म्हणून. पण नववी-दहावीत माझं काहीतरी फिरलं. नव्या पेठेतल्या दुकानदारांच्या मुली माझ्या मैत्रिणी झाल्या, इस्त्रीची परकर-पोलकी घालून येणाऱ्या. आणि मामा काय करायचे, तर आमची सहामाही संपली की शाळेच्या फाटकाशी सायकल लावून, कापडी पिशवी घेऊन उभे. उरलेल्या प्रश्नपत्रिका द्या, शिपाईबुवा, खडूचे तुकडे द्या. धोतर गुडघ्याच्या वर, सायकलची क्लिप एका पायाला, डोक्याला गिरणीतल्या सुताचे तंतू चिकटलेले. मला बघून हात करायचे. एकदा एका मैत्रिणीने विचारलं, हा कोण गं तुला हात करतोय? मी म्हणाले, "आमचा रद्दीवाला."

जीभ झडली नाही मेली माझी. वर घरी जाऊन आईशी भांडले, की मामांना सांग शाळेत येत जाऊ नका म्हणून, मुली हसतात. आईने बिचारीने कसंबसं गुळमुळीत सांगितलं असेल. मामा म्हणाले, बरोबर आहे, मुलींची शाळा आहे, मी नाही येणार तिकडं. ते राग धरणारे नव्हते. पुढल्या परीक्षेला मीच मैत्रिणींकडून जुन्या प्रश्नपत्रिका मागून आणल्या, तर त्यांनी मला रजिस्टरात 'प्रतिनिधी' असा हुद्दा दिला.

आम्ही दोघी अकरावीच्या वर्षाला आलो. शकू मॅट्रिकला बाहेरून बसणार होती. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून मुदतीत एखाद्या शाळेत द्यावा लागे. आमच्या शाळेतही तो घेत. मामांनी त्या फॉर्मसाठी महिनाभर तयारी केली. चादरींच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फाइल केली, लाल सुताने शिवली, आणि गिरणीत कापडाच्या गाठींवर लिहितात तसल्या ढब्बू अक्षरांत कुंचल्याने वर लिहिलं: 'अत्यंत महत्त्वाचे. गृहशाळा, पटसंख्या एक.' ताटाएवढं ते प्रकरण. स्वतः न्यायचं तर त्यांनी कबूल केलेलं, शाळेत येणार नाही म्हणून. तेव्हा सोमवारी सकाळी जावक रजिस्टरात मी सही केली आणि फाइल घेतली. शनिवार शेवटचा दिवस होता. "साडेपाच दिवस हातात आहेत, घाई करू नकोस, पण पोच आण," मामा म्हणाले. शकूने माझ्या दप्तराचा बंद स्वतः बांधून दिला.

कारकुनाची खिडकी जिन्याखाली होती, पाण्याच्या टाकीसमोर, आणि मधल्या सुट्टीत आमचा सगळा कंपू त्या टाकीशी. सोमवारी ती ढब्बू अक्षरं काढायचा मला धीर झाला नाही. मंगळवारी ठरवलं, शाळा सुटल्यावर देऊ. पण मैत्रिणी बरोबर होत्या. त्या संध्याकाळी शकूने विचारलं, "दिलास?" आणि मी हो म्हणाले. पोच नंतर देणार आहेत म्हणाले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे दिवस असे गेले, की दप्तर उचललं की मला त्या पुठ्ठ्याचा कोपरा लागायचा आणि मी तो आत ढकलायची. शनिवारी अर्धी शाळा. सगळ्या मुली पांगेपर्यंत मी टाकीशी पाणी पीत राहिले. खिडकीशी पोचले तेव्हा ती बंद झाली होती. सोमवारी कारकून म्हणाला, गठ्ठा बोर्डाकडे गेला, आता पुढल्या वर्षी. मी त्याच्यापुढे रडले. तो बिचारा घाबरून पाणी घेऊन आला, पण गठ्ठा काही परत येणार नव्हता.

मग मी जे केलं ते त्याहून वाईट. मामांच्या दारामागे बाहेर द्यायच्या कागदांची, म्हणजे जावकची, पिशवी टांगलेली असायची, तिचं अस्तर उसवलेलं होतं. चार दिवसांनी, मामी पाणी भरायला गेलेली असताना, मी ती फाइल दुमडून त्या अस्तरात सारली. सोळा वर्षांची घोडी मी, आणि एवढीच अक्कल सुचली, की वाटेल त्यांना, चुकून इथेच राहिली.

रविवारी मामांची साप्ताहिक तपासणी असे. आई आणि मी तिथेच होतो. मामांनी पिशवी झटकली, अस्तरात हात घातला, आणि ती दुमडलेली फाइल बाहेर आली. मामांनी रजिस्टर काढलं. बोटाने एकेक ओळ खाली येत गेले आणि सोमवारच्या ओळीवर थांबले. तिथे माझी सही होती, झोकदार, खाली दोन टिंबं दिलेली. मी शकूकडे पाहिलं. तिनेच तर मला विचारलं होतं, दिलास का म्हणून, आणि मी हो म्हणाले होते. ती माझ्याकडे बघत होती. मामांनी रजिस्टर मिटलं.

"राहूनच गेलं की," ते म्हणाले. "मीच पिशवीत टाकलं आणि हिला द्यायचं विसरलो. चूक माझी."

मामी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर सगळ्यांसमोर ओरडली. दोन हजार माणसांचा वेळ सांभाळता, पोरीचं वर्ष घालवलंत, म्हणाली. आईसुद्धा म्हणाली, दादा, असं कसं केलंत? मामा मान खाली घालून ऐकत राहिले. मी तोंड उघडलं नाही. शकूही बोलली नाही, कुबडी घेऊन मागच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी मामांनी नवीन वेळापत्रक लावलं, वर लिहिलेलं 'उजळणी वर्ष', आणि पहिला तास नेहमीप्रमाणे भोंग्यावर सुरू झाला.

मी मॅट्रिक झाले, आईने त्यांच्याकडे पेढे नेले. मी नाही गेले, डोकं दुखत होतं. पुढे कॉलेज होतं, अभ्यास होता, मैत्रिणी होत्या. कारणांना काय तोटा? चाळीवरून जायची वेळ आली तर मी लांबच्या रस्त्याने जायची. खरं कारण एकच होतं. मामा मला एका शब्दाने जरी बोलले असते, तर मी रडून मोकळी झाले असते.

पुढच्या वर्षी फॉर्मची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, शाळा तुझ्या ओळखीची, तू जा शकूबरोबर. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मामा शकूला सायकलवर पुढे बसवून घेऊन आले आणि फाटकाबाहेर लिंबाखाली थांबले. या वेळी फॉर्म साध्या लिफाफ्यात होता, वर एक अक्षर नाही. मी म्हणाले, मामा, चला की आत. ते म्हणाले, "नको गं, मी येत नाही म्हणून कबूल केलंय." टोमणा नव्हता त्यात काही. दिला शब्द पाळत होते, झालं. शकू मामांकडे बघून म्हणाली, माझा फॉर्म मीच देते, तुम्ही थांबा दोघं. पटांगण ओलांडून ती जिन्याखालच्या खिडकीकडे गेली. टाकीशी उभ्या असलेल्या मुलींनी वळून पाहिलं, तिने पाहिलं नाही.

मी तेव्हा म्हणाले. एका दमात म्हणाले, मामा, फाइल मीच पिशवीत घातली होती, मला लाज वाटली ती द्यायची.

"माहीत आहे की," मामा म्हणाले. "सही होती तुझी."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

ते सायकलची घंटी उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझं नाव घेतलं असतं तर तू आमच्या घरी यायची बंद झाली असतीस. वर्ष काय, पुन्हा येतं. शकूला दुसरं कोण होतं?"

त्या अख्ख्या वर्षात मी त्यांच्या घरी दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा आईने ओढून नेलं म्हणून. हे त्यांना ठाऊक होतं, हजेरी मांडणारा माणूस तो. तरी त्यांनी ते काढलं नाही.

शकू पोच घेऊन आली. मामांनी पोचेवरचा शिक्का उजेडाला धरून वाचला, तारीख पाहिली, पुन्हा तिच्या हातात दिली. तिने ती पोलक्यात नीट ठेवली आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, "आईनं शेंगाची पोळी केलीय. येतीस का?"

मी येते म्हणाले. म्हणताना मला दोघांपैकी कुणाच्याही तोंडाकडे बघवलं नाही.