शंभर टक्के याडी

त्या वर्षी आमच्या सरकारी शाळेत दहावीला एकच मुलगी होती. दारव्हा तालुक्यातलं गाव. कापूस-सोयाबीनवाल्यांची मुलं पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायची आणि बंजारा तांड्यावरची बरीचशी मुलं दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला. ही एकटी आजीजवळ राहिली होती. मी तिला मराठी शिकवायचे. गणिताचे, विज्ञानाचे, इंग्रजीचे सरही तिलाच शिकवायचे आणि तास संपताना "सगळ्यांना समजलं का?" असं विचारायचे.

तिचं डोकं दुखलं की वर्गाची हजेरी शून्य टक्के, ती आली की शंभर. मॉनिटरही तीच. त्यामुळे गडबड करणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायची वेळ आली की तिची पंचाईत व्हायची. कवायतीचे सर तिला "रांग सरळ करा" म्हणायचे आणि ती बिचारी थोडी इकडे सरकायची. मुख्याध्यापक तर वर्गात येऊन गरजायचे, "तुमच्यातले काही जण अभ्यासात मागं पडून राह्यले. मी नाव घेणार नाही." मग ती मागं वळून पाहायची.

हसू यायचं, पण सगळे धास्तावलेले होते. ती पास झाली तर शाळेचा निकाल शंभर टक्के, नापास झाली तर शून्य. मधलं काही नव्हतंच. शून्य लागला तर दहावी बंद करू, असं वरून बजावून झालं होतं. म्हणून तिला कोणी उन्हात जाऊ देत नसे. शिपाई घरून तिच्यासाठी उकडलेलं अंडं आणायचा, आणि ती नुसती शिंकली तरी आम्ही शिक्षक खोलीतून उठून बघायला जायचो.

आणि जानेवारीत आमच्या या बाईसाहेबांनी सराव परीक्षेचे पेपर कोरे द्यायला सुरुवात केली.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. ती अंडं सोलत होती.

"काहून वं, येत नाही का तुले?"

"येते."

"मंग लिहीत काहून नाही?"

"नापास झाली तं याडी मले संग घिऊन जाईन. पास झाली तं पुन्हा आजीपाशीच ठेवन."

याडी म्हणजे आई. तांड्यावर आईला तेच म्हणतात. आम्ही सगळे जिवाचं रान करून त्या पोरीला तिच्या आईपासून लांब ठेवायच्या खटपटीत होतो. मी मुख्याध्यापकांना काही सांगितलं नाही. त्यांचा रक्तदाब तसाही वाढलेला होता.

त्याच आठवड्यात गुणवत्ता तपासायला साहेब आले. कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. "विद्यार्थ्यांना बसवा," म्हणाले. ती बसलेलीच होती. मग त्यांनी तिला आईविषयी चार वाक्यं बोलायला सांगितलं.

ती उठली. "माही याडी ऊस तोडाले गेली. याडी फोनवर रडते. याडी धड जेवत नाही. याडीले काहीच सुचत नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "आई येडी आहे हिची?"

"साहेब, याडी म्हणजे आई," मी म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी. आई येडी."

"नाही हो साहेब. आई म्हणजेच याडी."

"एकदा सांगितलंत ना, बाई. कळलं मला." त्यांनी रुमालानं डोळे पुसले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

अहवाल जिल्ह्याला गेला. तिथे सगळी माहिती टक्क्यांत लागते. त्यामुळे असं ठरलं की आमच्या दहावीच्या शंभर टक्के विद्यार्थ्यांच्या आया मानसिक रुग्ण आहेत. एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच गावात निघालं नसावं, कारण लगेच पथक आलं. आधी त्यांनी हापशीचं पाणी बाटल्यांत भरून घेतलं. मग ते गावातल्या बायांना लांबून न्याहाळत फिरले. सरपंचाच्या बायकोनं "काय पाहून राह्यले?" म्हणून झापलं, तर एकानं तेही टिपून घेतलं.

आईला हजर करा, असा हुकूम होता. मुख्याध्यापकांनी मुकादमाला, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या माणसाला, फोन लावला. एरवी तो कोणाचं मरण असलं तरी सोडत नाही. पण सरकारी चौकशी म्हटल्यावर घाबरला आणि त्यानं तिला दोन दिवसांसाठी पाठवलं. बाई एसटी बदलत बदलत आली, ती थेट शाळेत. उसाच्या पात्यानं हात चिरलेले होते.

पथकातले डॉक्टर भले माणूस होते. आज वार कोणता, झोप लागते का, असं विचारत विचारत ते म्हणाले, "कारण नसताना रडू येतं का?"

"कारण हाये न, साहेब." ती दारात उभ्या असलेल्या पोरीकडे बघत होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला काही झालेलं नाही. तसं लिहून देतो."

"तसं नोका लिहू," ती हात जोडून म्हणाली. "मी येडी हाओ, असं लिहून द्या. मुकादमाले दाखवते. पोरीची परीक्षा होईस्तोर तरी मले बलावणार नाही तो."

डॉक्टर मुख्याध्यापकांकडे बघायला लागले, मुख्याध्यापक माझ्याकडे. मला रडू आवरत नव्हतं आणि स्वतःच्या रडण्याचा रागही आला होता.

"लिहा न, डॉक्टर," मी खेकसले.

त्यांनी लिहिलं. आईनं तो कागद पोरीच्या हातात दिला. पोरीनं मोठ्यानं वाचला, "मुलीपासून दूर ठेवल्यास यांची प्रकृती बिघडेल. दहावीची परीक्षा संपेपर्यंत प्रवास करू नये."

"आन् येडी हाये, ते कोठी लिवलं?"

पोरीनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "खाली हाये. इंग्रजीत."

खाली फक्त डॉक्टरांची सही होती.

दुसऱ्या दिवशी गणिताचा सराव पेपर होता. आई बाहेर ओट्यावर बसून होती. तास उलटून गेल्यावर पोरगी जागेवर उभी राहिली आणि पुरवणी मागितली.