तांब्याभर पाणी आणि सासूबाईंची विळी

मुलीनं परवा सुऱ्यांचा डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. सहा सुऱ्या, सहाही आरशासारख्या. "आई, यातली चांगली कोणती?" मी एकेक हातात घेतली, नखानं टिचकी मारली, डोळ्याजवळ धरून धार बघितली आणि म्हणाले, "मूठ हातात बसते ती घे. चकाकी बघू नको, चकाकी पहिल्या टमाट्याला जाते." मुलगी हसली. तिला काय ठाऊक, हे शहाणपण मी कोणत्या भावानं घेतलंय!

मी उमरीची. लग्न होऊन लातूरला आले, तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावाला काय तो रुबाब! जो तो 'आता आपण जिल्ह्याचे' म्हणत कॉलर ताठ करून फिरायचा. आमच्या घरचे तर डाळीचे व्यापारी, त्यांचा उत्साह विचारू नका. आणि पावसानं त्याच वेळी तोंड फिरवलं. जिल्हा झाला, पण नळ तालुक्याचाच राहिला. चौथ्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं. टँकर आला की गल्लीतल्या बायका कासोटा खोचून धावायच्या, आणि त्यात माझा नंबर पहिला. भांडायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

सासूबाई मात्र कधी भांडायच्या नाहीत. पहाटे उठून आंघोळ, मग शिवपूजा, मग पाट पुढं ओढून विळीवर बसायच्या. विळी म्हणजे त्यांचं राज्य. औशाच्या लोहाराकडून त्यांच्या सासूनं करून घेतलेली, पातं काळंभोर, धार मात्र अशी की कोथिंबीर नुसती टेकवली तरी कापली जायची. काम झालं की त्या पातं राखेनं घासायच्या, फडक्यानं कोरडं करायच्या, करडईच्या तेलाचं एक बोट फिरवायच्या आणि विळी आडवी करून ठेवायच्या. वर्षातून एकदा नागपंचमीला तिला सुट्टी, कारण त्या दिवशी चिरायचं नसतं. आणि खंडेनवमीला तिला हळदकुंकू, फूल, नैवेद्य. माझ्या वाटणीला इतका मान कधी आला नव्हता.

मला काय मिळालं? एक बोथट सुरी. "तू भाजी निवड, लसूण सोल. विळीचं मी बघते." दोन वर्षं झाली तरी हेच. मेथी निवडू निवडू माझी बोटं हिरवी पडली. नवऱ्याकडं तक्रार केली तर म्हणाले, "आईच्या विळीला मी पण हात लावत न्हाई. तू कोण?" लई राग आला. दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून किती वर्षं लसूण सोलायचा?

उन्हाळ्यात सासूबाई भाचीच्या लग्नाला उदगीरला गेल्या, आठ दिवसांसाठी. जाताना म्हणाल्या, "मी आल्यावर लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या. धार जरा उतरलीय, आल्यावर बघते. तू हात लावू नको." माझ्या मनानं लगेच बेत केला. धार लावून ठेवू! त्या येतील, विळीवर कैरी टेकवतील, कोय सुद्धा एका झटक्यात दोन होईल, मग विचारतील, धार कुणी लावली? मग मी हळूच म्हणेन, मी.

तिसऱ्या दिवशी धारवाला आला. सायकलवर लावलेलं दगडी चाक, वर एक छोटा पत्र्याचा डबा, त्यातून चाकावर पाणी ठिबकायची सोय. डबा कोरडा ठणठणीत. विळी बघून म्हातारा खूश झाला. "अस्सल लोखंड हाय, बाई. तांब्याभर पाणी द्या, झकास करून देतो."

झालं, माझं टाळकं सरकलं. "पाणी? प्यायला न्हाई इथं, चाकाला कुठून देऊ? टँकरवर भांडून भांडून माझा घसा बसला!"

"कोरडं घासलं की लोखंड जळतंय, बाई."

"जळतंय तर जळू दे. तुम्ही घासा."

हे शब्द माझेच. आजही आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि कोरडंच घासलं. ठिणग्या उडाल्या, मी कौतुकानं बघत उभी. धार तर अशी आली होती की मी एक कागद उभा चिरून बघितला.

दोन दिवस मी राणी. तिसऱ्या दिवशी दुधी भोपळा चिरायला घेतला आणि तो पात्यावरून घसरला. परत टेकवला, परत घसरला. पातं उजेडात धरलं तर धारेच्या कडेला निळसर डाग, आणि धार एका बाजूला वाकलेली, पत्र्याच्या झाकणाची कड वाकते तशी. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मऊ पडली गं बाई! आता हिनं कैरी काय, केळं पण चिरायचं न्हाई."

तीन पिढ्यांची विळी मी एका दुपारी संपवली. सासूबाई ओरडल्या असत्या तर चाललं असतं, मी पण ओरडले असते. पण त्या ओरडणाऱ्या नव्हत्या. त्या नुसत्या विळी उचलून बाजूला ठेवतील आणि मला जन्मभर लसूण देतील, हे मला दिसत होतं.

रात्री नवऱ्याला सांगितलं. आधी त्यांचा चेहरा पांढरा झाला, मग हसायला लागले. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आता औशाच्या लोहाराशिवाय गती न्हाई." दुसऱ्या दिवशी ते कामानं औशाला गेले, तेव्हा त्याला विचारून आले. निरोप असा की, "पातं तापवून परत पाजवून देतो. पण लाल लोखंड बुडवायला पाणी लागतं, आणि माझी कुंडी कोरडी हाय. पाणी घेऊन या."

म्हणजे ज्या पाण्यासाठी मी तांब्या नाकारला, ते आता घागरीनं न्यायचं! आली का पंचाईत! घरातल्या पाण्यातूनच घागर भरली. दोन दिवस आम्ही दोघांनी एका बादलीत काढले. आंघोळ म्हणजे ओलं फडकं. घागरीच्या तोंडाला जुन्या पातळाचं फडकं बांधलं, विळी पिशवीत घातली आणि एसटी गाठली.

कंडक्टर म्हणाला, "घागरीत काय?"

"पाणी."

"लातूरचं पाणी औशाला? तिकीट काढा घागरीचं!" अख्खी गाडी हसली. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला, जणू मी त्याची कुणी लागतच नाही.

पुढच्या बाकावरचं एक लेकरू उन्हानं रडत होतं. त्याच्या आईनं मागं वळून घागरीकडं बघितलं. मला कसंतरी झालं. घागरीचं फडकं सोडलं, वाटीभर पाणी दिलं. मग काय, एक म्हातारी म्हणाली मला पण, मग ड्रायव्हरला, मग त्या कंडक्टरला सुद्धा! नवरा कानाशी कुजबुजला, "आईची विळी हाय, पाणपोई न्हाई." पण आता हात आखडता कसा घ्यायचा? धारवाल्याला नाही म्हटलं होतं ते एकदाच बस झालं होतं. औशाला उतरलो तेव्हा घागर अर्धी होती.

लोहारानं घागरीत डोकावून बघितलं. "पुरतंय," म्हणाला. पाटातून पातं सोडवलं, भट्टीत घातलं, लाल झाल्यावर ठोकून सरळ केलं, परत तापवलं आणि पाण्यात धरलं. चर्र! तो आवाज ऐकून मला रडूच आलं, आनंदानं. नंतर भट्टीवर जरा ऊब दिली, ओल्या दगडावर सावकाश धार काढली आणि नखावर टेकवून मला दाखवली. उरलेलं पाणी त्यानं त्याच्या शेळीपुढं ठेवलं.

सासूबाई उदगीरहून आल्या. दुसऱ्या दिवशी कैऱ्यांचं पोतं आलं. त्या पाटावर बसल्या. मी पदराचं टोक पिळत दाराशी उभी. पहिली कैरी टेकवली. कट्! कोयीसकट दोन फोडी. दुसरी, तिसरी, कट् कट्. माझ्या जिवात जीव आला. गल्लीतल्या बायकाही आपापल्या कैऱ्या घेऊन आल्या, दुपारपर्यंत अंगणभर हिरवा आंबट वास सुटला. मी तिखट कुटत होते आणि मनातल्या मनात नाचत होते. सुटले बाई एकदाची!

बायका गेल्या. सासूबाईंनी पातं पुसलं आणि वर न बघता म्हणाल्या, "घागर भरून औशाला न्हेली म्हणं?"

तिखटाचा ठसका लागला मला. एसटीत पाणी प्यायलेली ती म्हातारी आमच्याच मागच्या गल्लीतली निघाली होती, आणि बाकीचं शेजारच्या काकूंनी पुरवलं होतं!

"हाव," मी म्हणाले. लपवून काय करणार?

"धारवाल्यानं किती मागितलं होतं?"

"तांब्याभर."

मी मान खाली घालून उभी. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघते तर हसत होत्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं. मग मलाही हसू फुटलं, आणि आम्ही दोघी कैऱ्यांच्या ढिगापाशी बसून वेड्यासारख्या हसलो.

हसून झाल्यावर त्यांनी विळी जमिनीवरूनच माझ्याकडं सरकवली. धारेची वस्तू हातात देत नाहीत. "बस," म्हणाल्या. "राहिलेल्या तू फोड."

मी पाटावर बसले. कैरी टेकवली आणि सगळा जोर लावून दाबायला गेले.

"हळू गं!" त्यांनी माझं मनगट धरलं. "विळी औशाला न्हेता येती. बोट कुठं न्हेशील?"