भरल्या घरचा कोट

माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, की आमच्या तीन सुटांपैकी त्याला कुठला बसणार हे मी टेप न लावता सांगायचे. बढाई मारत नाही. कर्जतच्या बाजारात तेव्हा कुणालाही विचारलं असतंत तरी त्याने हेच सांगितलं असतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शिंपी. हात सोन्याचा, पण तोंड शिवलेलं. गिऱ्हाईक काही बोलू लागलं की ते मशीनचं चाक आणखी जोरात फिरवायचे. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेलेल्या आणि नवरा रेल्वेत कामाला. तेव्हा बोलायचं काम आपसूक माझ्याकडे आलं, आणि ते मला झकास जमलं.

लढाई चालू होती, कापड कंट्रोलवर गेलेलं. नवा सूट शिवायचा म्हटलं तरी कापड आणणार कुठून? आणि नेमकं त्याच वेळी नवरदेवांना सुटाचं वेड लागलं. आधी कसं, धोतर, साधा कोट, डोक्याला फेटा, की झाला नवरदेव. पण मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत चिकटलेली पोरं लग्नाला गावी आली की पाटलोणीशिवाय बोहल्यावर चढेनात. मामंजींकडे एक राखाडी सूट पडून होता. रेल्वेच्या कुणा साहेबाने तो शिवायला टाकला आणि न्यायच्या आधीच त्याची बदली झाली. तो आम्ही पहिल्यांदा भाड्याने दिला. तो सारखा बाहेरच राहू लागला, तसे मामंजींनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणखी तीन आणले, एक निळा, एक तपकिरी आणि एक काळा. काळ्याचं कापड सगळ्यांत भारी. पण लग्नात काळं अंगाला लावायचं म्हणजे काय! डोक्यावर काळी टोपी चालते, कोट चालत नाही. मग मामंजींनी तो उसवून त्याच्या टोप्याच शिवल्या, आणि त्या बघता बघता खपल्या.

सुटाची खरी वैरीण हळद. नवरदेवाला आदल्या दिवशी हळद लागते, दुसऱ्या दिवशी घामाबरोबर ती उतरते ती थेट गळपट्टीत आणि बाह्यांत. म्हणून कोट देण्यापूर्वी मी गळ्याला आणि मनगटाला आतून मांजरपाटाची पांढरी पट्टी टाचून द्यायचे. कोट परत आला की पट्टी उसवायची, फेकायची, पुढच्याला नवी. मामंजींना हा उद्योग उगाचचा वाटायचा. पण राखाडी कोट इतक्या नवरदेवांच्या अंगावरून गेला तरी त्याच्या गळ्याला पिवळा डाग नव्हता, हे मी आल्यागेल्याला उलटून दाखवायचे.

पण माप आणि डाग ही माझी चिंता. गिऱ्हाइकाची चिंता निराळीच असायची. कोट घ्यायला मुलगा यायचा, त्याच्याबरोबर बहुतेक वेळा त्याची आई. मुलगा आरशात बघायचा आणि आई मला हळूच विचारायची, "ह्यो आदी कोनाच्या अंगाव व्हता गं?" दुसऱ्याने लग्नात घातलेला कोट आपल्या मुलाने घालायचा, तर त्या दुसऱ्याचा संसार कसा चाललाय हे नको का कळायला? मला ते सगळं तोंडपाठ असायचं. आमच्याकडे रीतच पडून गेली होती की लग्नानंतर कोट परत द्यायला जोडप्याने मिळून यायचं आणि नवरीने आपल्या हाताने खिशात एक सुपारी टाकायची. त्या दिवशी दोघांचे चेहरे बघून घ्यायचे. पुढे बाजाराला कुणी भेटलं की विचारायचं, कुणाचा पाळणा हलला, कुणी वेगळी चूल मांडली. खोटं एकदाही सांगितलं नाही, म्हणून तर बायका विचारायच्या. राखाडी घातलेल्या सगळ्यांचे संसार फुलले, म्हणून त्याला नावच पडलं होतं, भरल्या घरचा कोट. त्याच्यासाठी लोक लग्नाची तिथी पुढेमागे करायचे.

निळ्याचं मात्र बिनसलं. तो कळंबच्या एका घरात गेला. मुलगा गोदीत कामाला, उंचापुरा, आणि कोट त्याला असा बसला की मामंजींनी मशीन थांबवून बघितलं. मुलगी खालापूरकडची, चौकच्या अलीकडच्या एका गावची. मांडवात जो तो नवरदेवाच्या कोटाचंच बोलत होता म्हणे, आणि ते ऐकून मी इथे फुगून बसले होते. मग तो कोट परत आला, तो एकट्या मुलीबरोबर. हातात कोटाची घडी, पाय धुळीने भरलेले. ते मुंबईला गेले, एवढंच म्हणाली. खिशात सुपारी तिने टाकली, आणि मी मेली तिला नुसतं पाणी देत राहिले.

गळ्याची पट्टी लालभडक झालेली होती. तिच्या सासूने कोटाचा गळा धुण्याच्या सोड्याने चोळला होता, हळदीवर सोडा पडल्यावर दुसरं काय व्हायचं? पण ही सासू गावभर सांगत सुटली की सून उंबरठ्यात आली आणि पोराच्या कोटाच्या गळ्याला रक्त उतरलं. पुढे कळलं की मुलाने मुंबईत आधीच बिऱ्हाड केलेलं होतं, बाईसकट. मुलीला घालवायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं, ते सोड्याने दिलं. वर्ष संपायच्या आत तिला माहेरी आणून सोडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाजारात भेटेल त्याला खरं काय ते सांगितलं, पण लोकांना सोड्यापेक्षा रक्त जास्त आवडतं. निळ्या कोटाला कुणी हात लावेना, आणि त्या पोरीचं दुसरं जमेना.

मामंजी म्हणाले, उसवू या, लहान पोरांच्या बंड्या होतील. मी म्हटलं, हात लावायचा नाही. कोटाने काय पाप केलंय? उलट मी तो आतल्या खुंटीवरून काढला आणि दुकानात तोंडावरच टांगला. ज्याला नजर चुकवायची त्याने चुकवावी. दीडेक वर्ष तो तसा लोंबत होता आणि मी रोज सकाळी त्याच्यावरची धूळ झटकत होते, जरा जास्तच जोरात.

एके दिवशी बाजाराला एक बाई आली, नेरळची. अंगाने वाळकी, पण चाल खणखणीत. बरोबर मुलगा. तो माथेरानच्या गाडीवर कामाला होता, बायको बाळंतपणात वारलेली, चेहरा शांत. त्यांच्या मागे एक म्हातारा शेतकरी आला, आणि त्याच्यामागे ती. मी तिला लगेच ओळखलं, निळ्या कोटात सुपारी टाकून गेलेली ती; म्हातारा तिचा बाप. म्हातारा आत येऊन कोपऱ्यात उभा राहिला, ती बाहेर ओट्यावरच बसली. लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात टाकलेल्या बाईने पाऊल घालायचं नसतं, हे तिला कुणीतरी शिकवलं असणार. पंचांसमोर काडीमोड झाली होती आणि आता नेरळवाल्याशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं घाटत होतं.

बाईने पहिल्याने सांगितलं ते असं, की लोक पाट अंधारात, गुपचूप उरकतात, तसं तिला करायचं नाही. दिवसाउजेडी करायचं, चार माणसं बोलवायची, मुलाने सूट घालायचा. मला बाई तिथेच आवडली. पण ती कोटाकडे बघेचना. म्हाताऱ्याच्या देखत तिने मला सरळ विचारलं, "तुला समद्या जोडप्यांचं ठाव असतं म्हनतात. खरं सांग. रक्त उतरलं व्हतं का नव्हतं? मला एकच पोरगा हाय. तुज्या तोंडून ऐकते नि आज होय का नाय ते सांगून जाते."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. बाहेर बसलेल्या पोरीला सगळं ऐकू जात होतं, कारण तिची पाठ ताठ झाली. एका शब्दावर तिचा जन्म लोंबकळत होता, आणि तो शब्द माझ्याकडे होता. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. राग आला, आणि राग आला की माझं डोकं फार चांगलं चालतं. मी तोंडाने काहीच सांगितलं नाही. आत जाऊन डब्यातली चिमूटभर हळद आणली, धुण्याचा सोडा आणला. मांजरपाटाची एक पट्टी फाडली, पाणी लावून तिला हळद चोळली. पिवळीजर्द. मग ती बाईच्या हातात दिली आणि म्हटलं, मावशी, आता तुम्हीच लावा सोडा.

तिने बोटाने सोडा घासला. पट्टी लाल झाली. बाई तिच्याकडे बघत राहिली आणि मग कपाळावर हात मारून हसायलाच लागली. आयुष्यभर हळदीची लुगडी धुतली, प्रत्येक वेळी पाणी लाल झालेलं बघितलं, आणि कुणीतरी रक्त म्हटल्यावर आपली मती कुठे शेण खायला गेली, असं ती स्वतःलाच बोलून घेत होती. मग मी बाकीचं सांगितलं. तो मुलगा कोट द्यायलाही आला नव्हता. ही एवढ्या लांबून पायी आली, कोट झटकून, घडी घालून, सुपारी टाकून गेली. मशीनचं चाक थांबलं होतं. मामंजी गिऱ्हाइकासमोर कधी बोलत नसत, त्या दिवशी बोलले, "पोरगी चांगली आहे." आणि पुन्हा शिवायला लागले.

आता बाईच्या अंगात आलं. भरल्या घरचा राखाडी मी काढत होते, तर म्हणाली, तो नको, हाच निळा दे. त्याच कोटात माझा पोरगा उभा राहील नि कळंबच्या त्या सासूला आमंत्रण धाडीन. माझा आनंद गगनात मावेना. दीड वर्ष ज्याची धूळ झटकली त्या कोटाला आज न्याय मिळत होता. मी तो खुंटीवरून काढला, मुलाच्या अंगावर चढवला. बाह्या जरा लांब होत होत्या, पण आत टाका घालून भागलं असतं. मी टाचण्या तोंडात धरून मापाला वाकलेच होते, तेवढ्यात तो मुलगा, जो इतका वेळ एक अक्षर बोलला नव्हता, आईला म्हणाला, "आये, तिला इचार की."

खरंच की, तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. बाई दारात गेली आणि तिथूनच विचारलं, कुठला घालू दे, बोल.

ती उठली नाही. मानही वर केली नाही. पण आवाज स्वच्छ होता. "कोनताच नको, मावशी. मागल्या टायमाला समद्यांनी कोटच बघितला. बापानं बी, मी बी. आता मानूस दिसू द्या."

माझ्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या. आमचं भाडं गेलं, निळ्या कोटाचा न्याय गेला, त्याचं काही नाही. पण बाई उलटली तर? सासू व्हायच्या आधीच सुनेने शब्द मोडला, म्हणून ती फिरली असती तर तिला दोष देणारं कोण होतं त्या काळात? ती दारातच उभी होती, पाठ आमच्याकडे. म्हाताऱ्याने भिंतीला हात लावला. तिच्या मुलाने कोट अंगावरून काढला आणि नीट घडी घालून माझ्या हातात दिला. खाली त्याचा साधा पांढरा सदरा होता, कोपरावर ठिगळ लावलेला.

मग बाई ओट्यावर उतरली. "उनात का बसलीस?" ती म्हणाली. "ऊठ. आत ये, माज्याशेजारी बस."

पोरीने एकदा उंबरठ्याकडे बघितलं. बाईने तिचा दंड धरला आणि तिला आत घेऊन आली. दोघी कापडाच्या गठ्ठ्यावर शेजारी शेजारी बसल्या. म्हातारा डोळे पुसायला लागला, तेव्हा तो मुलगा आमच्या आरशात स्वतःचा सदरा बघत होता, आणि आरशातून तिला. मी टाचण्या काढून ठेवल्या आणि चहा टाकायला आत गेले. साखर रेशनची, महिना अजून निम्मा जायचा होता. मी हात आखडला नाही.