एवढं वाक्य संपवतो

सरांनी उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवली, पण विद्यार्थ्यांच्या लक्षात राहिला तो त्यांचा एकच खाक्या. कुठलंही मोठं विधान फळ्यावर लिहायचं आणि विचारायचं, "खरं की खोटं ते राहू द्या. पहिल्यांदा कोण बोललं? आणि कोणाच्या सोयीचं आहे?" एखादा विचार लोकांच्या तोंडी कसा रुळतो, हे शोधायची ही त्यांची रीत. मागच्या बाकावरची मुलं त्यांना 'फौजदार' म्हणायची.

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी फौजदार कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. चहा गार झाला होता आणि कप हातात तसाच होता. येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता, "शांतपणे गेल्या हो. आणि सर शेवटपर्यंत उशाशी होते, केवढं भाग्य!"

सर उशाशी नव्हते. शेजारच्या खोलीत विचारांच्या इतिहासावरचं प्रकरण लिहीत होते. तिनं हाक मारली तेव्हा म्हणाले होते, "आलो, एवढं वाक्य संपवतो." वाक्य लांबलचक होतं. त्यांची सगळीच तशी असत.

दुसरं काही सुचेना, म्हणून ते सवयीनं चौकशीला लागले. शेजारीणबाईंना ते उशाशी असल्याचं मेहुण्यानं सांगितलं होतं. मेहुणा चपापला. "म्हणजे काय भाऊजी? तुमची लेकच म्हणाली की फोनवर."

लेक तर आज सकाळी परगावाहून आली. तिला काय ठाऊक? माणसं पांगल्यावर सर स्वयंपाकघरात गेले. ती कप विसळत होती. खरं सांगितलं तर ही पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि तरीही आत काही हललं नाही.

"मी नव्हतो गं तिच्याजवळ," ते म्हणाले. "हाक मारली होती तिनं. मी..."

"माहीत आहे." ती विसळत राहिली. "आई माझ्याशीच बोलत होती फोनवर. तुमचं 'आलो' मलाही ऐकू आलं. 'लिहू दे त्यांना,' म्हणाली, आणि मग बोलेचना. तुम्हाला किती फोन लावले मी. लिहिताना तुमचा बंद असतो."

सर ओट्याला टेकले. त्यांनी विचारलं, "मग लोकांना तसं का सांगितलंस?"

"कुणीतरी असायला हवं होतं ना, बाबा, तिच्या उशाशी."